थेंबे थेंबे भांडवल

(आमच्या रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेले भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या, भाजी निवडता निवडता ऐका. आज इतिहास सांगायचा आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. धंद्याला भांडवल कुठून आणायचं, या प्रश्नाचा इतिहास. सावकार झाला, बँक झाली, बचत गट झाला. आता मोबाइलवरून चार लोकांना सांगून पैसे उभे करता येतात म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘क्राउडफंडिंग’ असं नाव आहे. आपण साधं ‘लोकवर्गणीचं भांडवल’ म्हणू.

आधी आमच्या आळीतली गोष्ट सांगते. शेजारच्या वहिनी कितीतरी वर्षं घरगुती मसाला करून विकतात. मिरची कांडायला मात्र दुसऱ्याच्या गिरणीवर जायचं, भर उन्हाळ्यात डबे घेऊन रांगेत बसायचं. मागं एकदा त्यांनी स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचं ठरवलं. गटाचं कर्ज आधीच चालू होतं. दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेल्या, तर पहिला प्रश्न आला, घर कोणाच्या नावावर आहे? घर सासऱ्यांच्या नावावर. विषय तिथंच संपला.

मग वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, मोबाइलवर लोक पैसे गोळा करतात म्हणे. मला मेसेज लिहून द्या.” मी दिला लिहून, यंत्राचा फोटो लावून. तीन ग्रुपवर टाकला. अंगठे आले, जोडलेले हात आले, फुलं आली. दोन दिवसांत पैसा मात्र एकही आला नाही. वहिनी म्हणाल्या, “चारचौघांत माझी लाज गेली हो.”

मला फार वाईट वाटलं. मग मी वाचायला बसले, की ज्यांना हे जमलं त्यांना कसं जमलं? वाचताना लक्षात आलं, की ही रीत मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी आहे, आणि आपल्या घरापासून फार लांबची नाही.

पुणे-मुंबई रस्त्यावर तळेगाव दाभाडे आहे ना, तिथं १९०८ साली काचेचा कारखाना सुरू झाला. त्याचं नाव पैसा फंड काच कारखाना. स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते. दिव्याच्या चिमण्या, बाटल्या, आपल्या हातातल्या बांगड्या, यांतली बरीचशी काच परदेशातून यायची. ती इथं करायची तर कारखाना हवा, कारखान्याला भांडवल हवं, आणि ते देणारा मोठा धनी मिळेना. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी त्यावर कल्पना काढली, की प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याचं काम बघायला आले. तिथं नुसती काच झाली नाही, तरुणांना काचकामाचं शिक्षणही मिळालं.

आता जरा हिशेब करू. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे चौसष्ट माणसांनी दिलं तेव्हा एक रुपया. एक लाख माणसांनी दिलं तर हाती येणार १५६२ रुपये आणि आठ आणे. आणि गंमत बघा, त्या काळी पोस्टकार्डाची किंमतही एकच पैसा होती, पाव आणा. एखाद्याला पत्र लिहून “एक पैसा द्या” म्हणायचं, तर मागण्यातच तो पैसा खर्च! म्हणून मग गावोगाव पायपीट करायची, जत्रेत, सभेत, देवळात डबा फिरवायचा, आणि वर्तमानपत्रातून सांगायचं. लोकांचं मन छोटं नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचून मागण्याचा खर्च मोठा होता. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

याच्या वीसेक वर्षं आधी अमेरिकेत असंच झालं होतं. न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा भला मोठा पुतळा आहे, चित्रात तुम्ही पाहिला असेल. पुतळा फ्रान्सनं भेट दिला, पण खालचा चौथरा अमेरिकेनं बांधायचा होता. त्याचे पैसे संपले आणि काम थांबलं. जोसेफ पुलित्झर यांचं ‘द वर्ल्ड’ नावाचं वर्तमानपत्र होतं. त्यांनी १८८५ च्या मार्चमध्ये वाचकांना साकडं घातलं, आणि सांगितलं की देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापून येईल. पाच महिन्यांत एक लाखावर डॉलर जमले. देणारेही एक लाखाच्या वर होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिलं होतं.

त्या वर्तमानपत्रानं दोन कामं केली. एक, मागणं घरोघर पोचवलं. दुसरं, कोणी किती दिलं ते सगळ्यांसमोर मांडलं. शेजाऱ्याचं नाव छापून आलं की आपल्यालाही वाटतं, आपण का मागं राहायचं? लग्नात आहेराची वही असते ना, तसंच. पैसा कोणाचा, किती, कुठं गेला, हे उघड्यावर असलं की माणूस निर्धास्त देतो.

तिसरं उदाहरण जवळचं आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ सिनेमा आला. आपली स्मिता पाटील त्यात होती. त्या सिनेमाचे पैसे गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दिले, प्रत्येकी दोन रुपये. एवढ्या लोकांना गाठलं कसं? गाठायला जावंच लागलं नाही. ते आधीच एका धाग्यात होते. गावोगाव दूध संस्था होत्या, रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालणारी माणसं होती, एकमेकांवर विश्वास होता. वर्षानुवर्षांचं जाळं तयार होतं, म्हणून दोन-दोन रुपयांतून दहा लाख उभे राहिले.

आता येऊ इंटरनेटवर. इंग्लंडमध्ये ‘मॅरिलियन’ नावाचं गाणारा-वाजवणाऱ्यांचा एक संच आहे. १९९७ साली त्यांनी सांगितलं, की अमेरिकेत कार्यक्रमांचा दौरा करणं परवडणारं नाही. हे ऐकून अमेरिकेतल्या चाहत्यांनीच बँकेत खातं उघडलं, आपापसांत ईमेल पाठवले, आणि सुमारे साठ हजार डॉलर गोळा केले. दौरा झाला. कलाकारांच्या लक्षात आलं, की आपली माणसं आपल्या पाठीशी आहेत. मग २००१ च्या गाण्यांच्या संचासाठी त्यांनी चाहत्यांनाच सांगितलं, आम्ही अजून काहीच ध्वनिमुद्रित केलेलं नाही, पण तुम्ही आत्ताच विकत घ्या. बारा हजारांहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे दिले.

मराठी वाचकाला यात नवल नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ आपण जाणतोच. ग्रंथ अजून छापायचा असतो, आपण आधी पैसे भरतो, छापून आला की कमी किमतीत घरी येतो. प्रकाशकाला कागदाचे पैसे मिळतात आणि किती प्रती खपतील याचा अंदाजही येतो. धंदा सुरू करणाऱ्या बाईला याच दोन गोष्टींची नड असते, हातात भांडवल आणि पक्कं गिऱ्हाईक.

पुढची गोष्ट एका बाईची. जेसिका जॅकली ही अमेरिकन तरुणी. बांगलादेशचे मुहम्मद युनूस यांचं छोट्या कर्जांवरचं भाषण तिनं ऐकलं आणि ती पूर्व आफ्रिकेत गेली. शेळ्या पाळणारी, मासे विकणारी माणसं तिला भेटली. अंगात हुन्नर होतं, भांडवल नव्हतं. २००५ साली तिनं आणि तिचा नवरा मॅट फ्लॅनरी यानं युगांडातल्या अशा सात जणांची माहिती इंटरनेटवर टाकली. या सात जणांना मिळून साडेतीन हजार डॉलर हवे होते, दान म्हणून नाही, बिनव्याजी उसने. आणि मागितले कोणाकडे? त्या दोघांनी स्वतःच्या लग्नाच्या आमंत्रणाची यादी काढली आणि त्या सगळ्यांना ईमेल केला! थोड्याच दिवसांत पैसे जमले. तीच पुढं ‘किवा’ नावाची संस्था झाली. तिथं कोणीही छोटी रक्कमसुद्धा उसनी देऊ शकतं.

मैत्रिणींनो, मी इथं थबकले. जगभर नावाजलेल्या संस्थेची सुरुवात अनोळखी लोकांपासून झालीच नाही. ती लग्नाला आलेल्या मावश्या-काकांपासून, कॉलेजच्या मैत्रिणींपासून झाली. अनोळखी माणसं नंतर आली, ओळखीच्यांनी दिलेलं बघून आली.

याच किवाला पुढं एक धडाही मिळाला. २००९ साली एका अभ्यासकानं दाखवून दिलं, की ज्या बाईचा फोटो बघून आपण पैसे देतो तिला स्थानिक संस्थेनं बहुतेक वेळा आधीच कर्ज दिलेलं असतं. आपले पैसे त्या संस्थेची तिजोरी पुन्हा भरतात. यात चोरी नव्हती, पण सांगणं आणि असणं यात फरक होता. किवानं मग आपला मजकूर बदलला आणि व्यवहार कसा चालतो ते स्पष्ट लिहिलं. लोकांचा पैसा घ्यायचा तर शब्द मोजूनमापूनच वापरावे लागतात.

२००४ साली फेसबुक आलं, २००६ साली ट्विटर. पाठोपाठ २००८ मध्ये ‘इंडिगोगो’ आणि २००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ ही लोकवर्गणीची ठिकाणं सुरू झाली. आपल्याकडे बंगळूरचं ‘मिलाप’ २०१० सालचं. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, स्मिता राम आणि रामकृष्ण एन. के. या जोडप्यानं ‘रंग दे’ सुरू केलं होतं. शहरातल्या माणसानं गावातल्या छोट्या धंदेवाल्या बाईला कमी व्याजानं उसने द्यावेत, ही त्यातली कल्पना.

किकस्टार्टरचा नियम ऐकण्यासारखा आहे. किती रक्कम हवी आणि किती दिवसांत हवी, ते आधी जाहीर करायचं. तेवढी जमली तरच मिळणार, एक रुपया कमी पडला तरी कोणाचेच पैसे घेतले जात नाहीत. यामुळं देणारा बिनघोर राहतो, आणि मागणारी गप्प बसत नाही, सांगत सुटते.

सांगायला साधन होतंच. पैसा फंडाच्या वेळी मागण्याचा खर्च एक पोस्टकार्ड होता. फेसबुकवर तो शून्यावर आला. दिलेल्या माणसानं “मी दिले, तुम्हीही बघा” असं पुढं पाठवलं, की तो आपला बिनपगारी प्रचारक झाला. २०१२ साली ‘पेबल’ नावाच्या मनगटी घड्याळासाठी एका तरुणानं एक लाख डॉलर मागितले. भांडवलदारांकडून त्याला पुरेसे पैसे मिळत नव्हते. किकस्टार्टरवर एक लाख दोन तासांत जमले, आणि शेवटी ६८,९२९ जणांनी मिळून एक कोटीच्या वर डॉलर दिले. भारतात २०१६ पासून यूपीआय आलं, तेव्हा पैसे पाठवण्याचाही खर्च गेला. आज एक रुपयासुद्धा फुकट पाठवता येतो. काळ्यांच्या वेळी हे असतं तर!

मग सगळ्यांचंच भलं व्हायला हवं होतं. झालं का? नाही. इथन मॉलिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी किकस्टार्टरवरचे अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त प्रकल्प तपासले. त्यांचा निबंध २०१४ साली छापून आला. सिनेमासाठी पैसे मागणाऱ्यांचं त्यांनी उदाहरण दिलंय. फेसबुकवर दहा मित्र असतील तर यशाची शक्यता शंभरात नऊ. शंभर मित्र असतील तर वीस. हजार असतील तर चाळीस. म्हणजे ज्याचा गोतावळा मोठा, त्याचं पारडं जड. पण हजार मित्र असूनही शंभरातल्या साठ जणांना रिकाम्या हातानं परत यावं लागतं. साधन सगळ्यांना सारखं मिळालं, गोतावळा सारखा नाही मिळाला. जिला घराबाहेर पडू दिलं नाही, जिचा मोबाइल नवऱ्याच्या हातात असतो, तिचा गोतावळा कुठून होणार?

आता बायकांसाठी एक चांगली बातमी. २०१७ साली जगभरातल्या साडेचार लाख लोकवर्गण्यांचा एक अहवाल आला. त्यात दिसलं, की मागणाऱ्यांत पुरुष जास्त आणि मोठ्या रकमाही त्यांच्याच. पण ठरवलेली रक्कम पुरी करण्यात बायका पुरुषांपेक्षा ३२ टक्क्यांनी पुढं. मॉलिक यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेल्या अभ्यासात असंही दिसलं, की यंत्र-तंत्रासारख्या पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या धंद्यात एखादी बाई उतरली, तर इतर बायका मुद्दाम तिच्या पाठीशी उभ्या राहतात. कर्ज देणारा विचारतो, घर कोणाच्या नावावर? बाई बाईला विचारते, तुझ्या हाताला चव आहे का, आणि तू शब्द पाळतेस का?

शब्द पाळणं मात्र सोपं नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या रायन ग्रेपर यांनी सहलीला न्यायच्या बर्फाच्या पेटीसाठी पैसे मागितले. भर थंडीत बर्फाची पेटी कोण घेणार? रक्कम पुरी झाली नाही. पण ज्यांनी होकार दिला होता ती माणसं धरून ठेवून त्यांनी २०१४ च्या जुलैमध्ये, ऐन उन्हाळ्यात, पुन्हा मागितले. या वेळी साठ हजारांवर लोकांनी एक कोटी तीस लाखांहून जास्त डॉलर दिले. सगळीकडे वाहवा झाली. आणि मग कळलं, की पेटी करायला येणारा खर्च ठरवलेल्या किमतीत बसतच नाही. लवकर हवी तर वर आणखी पैसे द्या, असं लोकांना सांगायची पाळी आली. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हा सुमारे वीस हजार लोकांना पेटी मिळालेलीच नव्हती. दिवाळीत दहा किलो चकलीच्या ऑर्डरी घ्यायच्या ऐवजी हजार किलोच्या घेतल्या आणि भाजणीचा भावच काढला नाही, तर आपलंही हेच होईल. मागणं एका रात्रीत पसरतं, हात मात्र दोनच असतात.

आपल्या कायद्याचंही थोडं सांगते, कारण नकळत चूक होते. गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन ठरलेला माल देणं हा सरळ व्यवहार आहे. पण ग्रुपवर जाहिरात करून “माझ्या कंपनीत शेअर घ्या” असं सांगता येत नाही. खासगी कंपनीला वर्षात दोनशेपर्यंतच माणसांना असे शेअर देऊ करता येतात, तेही जाहिरात न करता. सेबीनं २०१६ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. इंटरनेटवरून माणसामाणसांत कर्जव्यवहार जुळवणाऱ्या संस्थांना २०१७ पासून रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी करावी लागते. आणि व्याजाचं आमिष दाखवून गावभर ठेवी गोळा करणं तर २०१९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा काय देणार, कधी देणार, हे साध्या शब्दांत लिहा, आणि वहीत नोंद ठेवा.

आता वहिनींकडे परत येऊ. हे सगळं वाचून मी त्यांना म्हटलं, “वहिनी, ग्रुप राहू द्या. तुमच्या लग्नाची यादी काढा.” यादी कुठली राहायला, पण आठवून आठवून चाळीस नावं लिहिली. माहेरच्या बहिणी, शाळेतल्या मैत्रिणी, मुलीच्या बाई, जुनी गिऱ्हाइकं. एकेकीला फोन केला. दान नको, वर्षाच्या मसाल्याचे पैसे आत्ता द्या, पावसाआधी मसाला घरी पोचेल. सतरा जणींनी दिले. ती सतरा नावं, त्यांना विचारून, आम्ही ग्रुपवर टाकली. आणि मग नुसते अंगठे देणारे हात खिशात गेले! ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो अशांचेही पैसे आले.

यंत्र आलं. पण त्याला लागणारा वीजजोड मिळता मिळेना. दीड महिना हेलपाटे झाले. मे महिना संपत आला. ग्रुपवर एकानं लिहिलं, “मसाला येतोय की नुसताच मेसेज?” वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राची पावती आणि वीजजोडाच्या अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकला, उशीर का होतोय ते लिहिलं. आणि मग डबे उचलून पुन्हा त्याच दुसऱ्याच्या गिरणीवर, त्याच रांगेत जाऊन बसल्या. पदरचे पैसे घालून मिरची कांडून आणली. पावसाआधी सगळ्यांचा मसाला पोचला. त्या वर्षी नफा काही उरला नाही, नवं यंत्र झाकून ठेवलेलं.

पुढच्या वर्षी वहिनींनी स्वतःच मेसेज लिहिला, चार ओळींचा, फोटो न लावता. आठवडाभरात ऑर्डरी पुऱ्या झाल्या. “मसाला येतोय की” विचारणाऱ्यानं दोन किलो सांगितला होता.

मैत्रिणींनो, पोस्टकार्डाचा खर्च वाचला हे खरं. पण विश्वासाचा खर्च अजून जिचा तिलाच करावा लागतो, आणि तो आधी करावा लागतो. तुमच्यापैकी कोणाला असा मेसेज टाकायचा असेल, तर आधी एक कागद घ्या. जिला तुम्ही नावानं हाक मारू शकता आणि जी तुमच्या हाकेला ओ देईल, अशा बायकांची नावं त्यावर लिहा. तो कागद भरला, की मग मोबाइल हातात घ्या.